ताबा

"गोळ्या कोणाच्या ताब्यात राहतील?" डॉक्टर बेडेकरांनी विचारले आणि उत्तर गृहीत धरून माझ्याकडे पाहत पेनचे टोपण काढले.

मी खुर्चीत जरा पुढे सरकलो. वासंती शेजारी पाठीमागे उशी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अविनाशकडे. अविनाश जंगम."

"हे कोण?"

"आमच्या शाळेत चित्रकला शिकवतात. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात."

डॉक्टरांचे पेन कागदावर टेकले नाही. "घरातलं माणूस असलेलं सोयीचं पडतं, बाई. हे आहेत ना?"

"यांच्याकडे नको," वासंती म्हणाली. आवाज शांत होता, वर्गात नकाशा उलगडताना असे तसा. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

आदल्या वर्षी शाळेच्या जिन्यावरून पडून तिच्या मणक्याला मार बसला होता. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, पण कळ राहिली, आणि दुखण्यासाठी दिलेल्या गोळ्याही राहिल्या. पुढे कळ ओसरली तरी गोळ्या सुटेनात. महिन्याची पाकिटे महिना संपण्याआधी संपू लागली. त्याविषयी आमच्यात कधी बोलणे झाले नव्हते. तीच एके दिवशी म्हणाली, "अहो, मला डॉक्टरांकडे न्या. मला यातून बाहेर पडायचंय."

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी तिला कोणताही दोष दिला नाही. "शरीराला सवय झाली आहे, एवढंच समजा. एकदम बंद केल्या तर ते बंड करील. म्हणून एकेक पायरी उतरायची. नाक वाहील, पोट बिघडेल, पाय स्वस्थ बसू देणार नाहीत, झोप उडेल. फारच झालं तर त्या पायरीवर थोडं थांबायचं आणि मला फोन करायचा. मनानं वाढवायच्या नाहीत आणि मनानं बंदही करायच्या नाहीत. आणि गोळ्या तुमच्या हाताशी नकोत."

घरी येताना रिक्षात मी विचारले, "माझ्याकडे का नको?"

"तुम्हाला ऑफिस असतं."

"त्याला शाळा नसते?"

"अहो, राहू द्या ना आता." तिने डोळे मिटून घेतले. पोवई नाक्यावरच्या गर्दीत रिक्षा थांबली होती. मी बाहेर पाहत राहिलो.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. दिवसभर कालव्यांचे छेद काढायचे, रेघ रेघेला अचूक भेटली पाहिजे. जंगम हा माणूस त्याच्या अगदी उलट. सदऱ्याच्या बाहीला रंग, बोलण्याला लगाम नाही. तो आणि वासंती कोल्हापूरला बी.एड.ला एका वर्गात होते. त्यामुळे तो तिला 'वासंते' म्हणे आणि ती त्याला 'अरे अवि' म्हणे. लग्नानंतर इतक्या वर्षांनीही मी मात्र 'अहो'च होतो. नव्या संसारात एकदा मी तिला म्हणालो होतो, "आपण दोघंच असताना तरी 'अरे' म्हण की." ती हसली आणि म्हणाली, "जीभच वळत नाही हो." मी तो विषय पुन्हा काढला नाही. जंगमशी बोलताना तिची जीभ किती सहज वळते, ते मात्र दर वेळी माझ्या कानांना कळे.

तो सकाळी शाळेला जाताना येई आणि संध्याकाळी पुन्हा येई. मुलांची एक जुनी कंपासपेटी त्याने या कामासाठी घेतली होती. तीत त्या वेळेपुरतीच गोळी असे. बाकीच्या त्याच्या घरी कुलपात.

"काय दाजी, आज लवकर?" एका संध्याकाळी मी दार उघडले तेव्हा तो म्हणाला. वासंतीला बहीण मानून तो मला दाजी म्हणे. ते नाते मला कुणी विचारून दिलेले नव्हते.

"माझंच घर आहे."

"म्हणून तर विचारलं. माणूस लोकांच्या घरी लवकर जातो, स्वतःच्या घरी उशिरा." आणि आत वळून, "वासंते, ये. तोंड उघड. पाणी पी. आता जीभ दाखव."

"अरे गाढवा, मी काय तिसरीतली पोरगी आहे?"

"तिसरीतली पोरगी थापा कमी मारते. जीभ."

तिने त्याला जीभ दाखवली, वेडावल्यासारखी. दोघे हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवले. चहा करताना भांड्यांचा आवाज होऊ नये याची मी काळजी घेत असे, कारण त्यांचे बोलणे मला ऐकायचे असे. ते नेहमी खालच्या आवाजात चाले. मधेच एखादा शब्द वर येई. 'पाय', 'कातडी', 'वेड लागेल'. मग त्याचे काहीतरी विनोदी उत्तर. मग पुन्हा कुजबुज.

मार्चचे ऊन तापू लागले होते. खालच्या पिसाळवहिनींनी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालायला सुरुवात केली होती. आणि वासंतीच्या अंगावर भर दुपारी काटा येई. ती एकामागून एक जांभया देई, नाक पुशीत राही, गुडघे पोटाशी घेई आणि पुन्हा लांब करी. मी पाय चेपायला बसलो की म्हणे, "नको हो, राहू द्या. बरं आहे."

मला रोज 'बरं आहे' मिळे. उरलेले सगळे जंगमला.

पिसाळवहिनींनी एकदा जिन्यात गाठले. "वासंतीताईंचे भाऊ का हो ते? गॅलरीत असतात रोज."

"वर्गबंधू," मी म्हणालो.

"अस्सं. नाही, भाऊ तरी एवढं कुठे करतो म्हणा आजकाल." आणि त्या पापड्यांचे ताट सावरीत वर गेल्या.

जंगमची बायको नाशिकला मुलीकडे राहत असे, ती परत येत नसे, आणि का येत नसे याविषयी शाळेत दोनचार तर्क होते. त्या दिवसांत मला ते सगळे तर्क खरे वाटत.

एक दिवस ऑफिसातून लवकर निघालो. वाटेत महाबळेश्वरकडच्या स्ट्रॉबेरीची टोपली घेतली. वासंतीला त्या आवडत. दार लोटलेलेच होते. आत पाऊल टाकले आणि मधल्या बोळात ते दोघे दिसले. तिने दोन्ही हातांनी त्याचे मनगट घट्ट धरले होते. तिचे कपाळ त्याच्या दंडाला टेकले होते. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून ताठ उभा होता. ती काहीतरी बोलत होती, अगदी हळू, न थांबता. तिला इतके सलग बोलताना मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

मी मागे सरकलो. जिना उतरलो, टोपली सायकलच्या कॅरिअरवर ठेवली. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो आणि या खेपेला चपला आपटीत चढलो. दोघे बाहेरच्या खोलीत बसले होते. तो तिला कुठल्याशा चित्रकलेच्या परीक्षेची गंमत सांगत होता.

"दाजी, चहा करता का? की मी करू?"

"मी करतो," मी म्हणालो.

रात्री जेवताना विचारले, "अविनाश काय म्हणत होता?"

"काही नाही. नेहमीचंच."

तिने पोळीचा एक तुकडा ताटात इकडून तिकडे फिरवला. मी आणखी काही विचारले असते, तर उत्तर मिळाले असते असे मला वाटत नाही. स्ट्रॉबेरी सायकलच्या कॅरिअरवर राहून गेल्या आणि सकाळी त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

त्यानंतर आठवडाभरात जंगमला गडहिंग्लजहून निरोप आला. थोरल्या भावाला दवाखान्यात ठेवले होते. जाण्याआधी तो मला फाटकापाशी भेटला. हातात कंपासपेटी आणि गोळ्यांची पाकिटे असलेली पिशवी. खांद्यावरच्या झोळीत बहुधा एक कपड्यांचा जोड.

"दोन दिवसांत येतो. वासंती म्हणत होती, पिसाळवहिनींकडे ठेव. मीच म्हटलं, ते बरं दिसत नाही."

पिसाळवहिनींकडे! म्हणजे त्यांच्याही नंतर मी. मी पिशवी घेतली.

"दाजी, एक सांगू? ती मागेल."

"जंगम, माझी बायको आहे ती. तिनं आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही."

"म्हणूनच सांगतोय." तो प्रथमच विनोद न करता माझ्याकडे पाहत होता. "कालच एक पायरी उतरलीय. हे दिवस वाईट असतात. दिलीत तरी पंचाईत, नाही दिलीत तरी पंचाईत. पण देऊ नका. डॉक्टरांना फोन लावा."

मी मान हलवली. तो एस.टी. स्टँडच्या दिशेने वळला. माझ्या मनात त्याच्या भावाविषयी दोन शब्दसुद्धा विचारायचे आले नाही. पिशवी आरेखनाच्या साहित्याच्या कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. दिवसभर त्या किल्लीचे बारीकसे वजन छातीवर जाणवत होते, आणि ते मला सुखाचे वाटत होते.

संध्याकाळी गोळी घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो. तिने तळहात पुढे केला, परक्या घरी प्रसाद घ्यावा तसा. "जीभ दाखव" असे म्हणण्याचा मी विचार केला होता. म्हणवले नाही. "घेतलीस?" एवढेच विचारले.

"हो."

"आणखी काही?"

"नाही. बरं आहे."

दुसरा दिवस रविवार होता. दुपारी जेवण तिला गेले नाही. वीज गेली होती, पंखा थांबला होता. ती दोनदा मोरीत जाऊन आली, पलंगावर पडली, उठली, खिडकीचे गज धरून उभी राहिली. घामाने तिचे पोलके पाठीला चिकटले होते आणि दंडावर काटा होता. मी टेबलाशी ऑफिसचा एक नकाशा घेऊन बसलो होतो.

"अहो," ती म्हणाली.

"काय ग?"

"डॉक्टर म्हणाले होते, अगदीच सोसवेनासं झालं तर एखादी जास्त घेतली तरी चालेल."

"कधी म्हणाले?"

"तुम्ही औषधाच्या दुकानात गेला होतात तेव्हा."

वासंती खोटे बोलत नसे. मुलींच्या पेपरात अर्धा गुण वाढवायलाही तिचा हात धजत नसे. आणि हे वाक्य तिने सरळ माझ्या डोळ्यांत बघून, नीट शब्द लावून म्हटले.

"मग फोन करून विचारतो."

"रविवारी? कशाला त्यांना त्रास?" ती टेबलाजवळ आली. "एकच. उद्याची आज घेते. उद्या नाही घेणार. म्हणजे हिशेब तोच."

"वासंती, बस जरा. मी लिंबाचं सरबत करतो."

"सरबत!" ती हसली. ते हसणे माझ्या ओळखीचे नव्हते. मग ती एकदम माझ्या पायाशी, जमिनीवर बसली. मणक्यामुळे तिला खाली बसण्याची मनाई होती. मी तिला उठवायला वाकलो.

"अरे, दे ना," ती म्हणाली.

मी तसाच वाकलेला राहिलो.

"अरे श्रीनिवास, दे ना रे. तू देशील. मला माहीत आहे. तू त्याच्यासारखा दगड नाहीस. तुला माझी दया येते. येते ना? एकच दे रे."

काय वाटायला हवे होते ते मला ठाऊक आहे. मला वाटला तो आनंद. अंगावर शहारा यावा असा, ओंगळ, लख्ख आनंद. तिच्या तोंडून माझे नाव. तू, रे. त्याच्यासारखा नाहीस. माझा हात आपोआप खिशाकडे गेला आणि किल्ली बोटांत आली.

तिने दोन्ही हातांनी माझे मनगट धरले. कपाळ माझ्या दंडाला टेकवले. आणि अगदी हळू, न थांबता बोलत राहिली. "देवाशप्पथ एकच. कुणाला कळणार नाही. अविला सांगू नकोस. मी तुझ्यासाठी काय नाही केलं रे, तुझ्या आईचं केलं, तुझं केलं, एक गोळी नाही देववत तुला."

ती पकड मी पाहिली होती. बोळात, कॅलेंडरसमोर. आता ती माझ्या हाडापर्यंत पोचत होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिले. तिचे डोळे माझ्याकडे नव्हते. ते किल्लीवर होते.

मी मूठ मिटली. "नाही," म्हणालो.

तिने माझी बोटे उघडण्याचा प्रयत्न केला. नखे लागली. मग तिने हात सोडले आणि मागे सरकून भिंतीला टेकली. बराच वेळ धाप टाकीत होती.

"हेच हवं होतं ना तुम्हाला?" ती म्हणाली. पुन्हा 'तुम्हाला'. "ताबा? महिनाभर भांडी न वाजवता चहा करत होतात. मला कळत नव्हतं असं वाटलं? घ्या आता ताबा."

"वासंती..."

"अविला मी शिव्या देते. परवा त्याच्या हाताला चावले. तो दुसऱ्या दिवशी हसत येतो, म्हणतो, दात चांगले आहेत तुझे. तो कोण आहे माझा? हे संपलं की तो शाळेत, मी शाळेत. पण तुमच्यापुढे मला रोज जेवायला बसायचंय. एक माणूस तरी हवं होतं मला, ज्याच्यापुढे मी हात पसरला नाही. एक. म्हणून म्हणत होते, यांच्याकडे नको." तिने पदराने तोंड झाकून घेतले. "म्हटलं होतं मी."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते घरीच होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. गोळी वाढवू नका, या पायरीवर चार दिवस जास्त थांबू, पाणी आणि मीठसाखर पाजत राहा, पोटाला शेक द्या, उद्या मला दाखवा, असे सांगितले. मी ते शब्द जसेच्या तसे तिला सांगितले. तिने मान हलवली की नाही ते पदरामुळे कळले नाही. गरम पाण्याची पिशवी मी तिच्याजवळ ठेवली. ती तिने घेतली.

सोमवारी आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. रात्री मी पाने वाढली, ती तिचे पान उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली. आमच्या घरात तसे कधी झाले नव्हते.

मंगळवारी संध्याकाळी जंगम आला. मी फाटकाशी त्याची वाट पाहत उभा होतो.

"भाऊ कसा आहे?" मी विचारले.

"बरा आहे. घरी सोडला." त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. ओरखड्यांवर खपली धरली होती. "मागितली?"

"हो."

"दिलीत?"

"नाही."

त्याने झोळी खाली ठेवली आणि फाटकाला टेकून उभा राहिला. म्हणाला, "मोटरसायकलवरून पडलो होतो तेव्हा मलाही याच होत्या. ताबा बायकोकडे. तिनं दिल्या, दाजी. मी रडायचो, ती द्यायची. दुसऱ्या बाजूनं सोडवायचीही तीच. सुटल्या एकदाच्या. आणि मग आम्हाला एकमेकांकडे बघवेना. लोक काय काय बोलतात, तसलं काही नाही झालं. भांडणसुद्धा नाही. ती ताटात भाकरी वाढायची आणि मला वाटायचं, आता विचारेल, आणखी एक हवी का म्हणून." तो हसला. "हे वासंतीला मी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून ती माझ्याकडे आली. तुमच्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे."

मी मनगटावरच्या ओरखड्यांवर बाही ओढली.

"आता काय ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "निभावलंत तुम्ही. पिशवी ठेवायची तर ठेवा. मी रोज नुसता चहाला येईन."

पिशवी माझ्या हातात होती. ती घेऊनच मी खाली आलो होतो, तरी ती देण्याचे अजून ठरले नव्हते. त्याने हात पुढे केला नाही. वर गॅलरीत वासंती येऊन उभी होती. आमच्याकडे पाहत नव्हती. गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेल्या पिसाळवहिनींच्या पापड्यांच्या ताटावर कावळा उतरत होता, त्याला हाकलीत होती.

गोळ्या सुटायला पुढे पावसाळा उजाडला. तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हते.

मी पिशवी त्याच्या हातात दिली, आणि किल्लीही द्यावी तसा हात उगाचच खिशाशी नेला. "आजची संध्याकाळची राहिली आहे," म्हणालो. "तिनं दोन दिवस तोंडातून शब्द काढलेला नाही. साचलं असेल. तुम्ही वर जा."

"तुम्ही?"

"मी जरा चौकापर्यंत जातो."

"चहा कोण करणार मग?" त्याने नेहमीच्या स्वरात विचारले.

"तुम्ही करा. साखर वरच्या फळीवर आहे."

चौकात रसवंतीवाल्याचा चरक चालू होता. त्याच्या घुंगरांचा आवाज रस्ताभर पसरला होता. मी एक ग्लास सांगितला आणि बाकावर बसलो. तिथून आमची गॅलरी दिसत होती. दोघे बाहेर आले होते. वासंती हात उंचावून काहीतरी बोलत होती, बहुधा ओरडत होती. तो नकारार्थी मान हलवत होता. मग ती पुढे झाली आणि तिने त्याच्या छातीवर मूठ मारली.

घुंगरांमुळे मला काहीच ऐकू येत नव्हते. मी ग्लास उचलला, बाकाच्या दुसऱ्या बाजूला गेलो आणि गॅलरीकडे पाठ करून बसलो.